दोन बोटांची कॉर्ड

प्रिय दोंग,

तुझं पत्र आधी सेबूला, आपल्या घरी गेलं. तिथून शेजारच्या नोंग इस्कोने ते बोटीवरच्या कुणाच्या तरी हाती इकडे पाठवलं, म्हणून उत्तराला इतका उशीर. मी सध्या बोहोल बेटावर आहे, तुबिगोनमध्ये, तिया मोनिंगकडे, मावशीच्या घरी. लेकही, आर्लिन, माझ्याबरोबर आहे. का, ते सांगेन. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर ते राहून जाईल. पत्र वाचता वाचता मी पायरीवरच बसले. तू गिटार हातात घेतलीस! आयुष्यात पुन्हा तारेला बोट लावणार नाही, अशी आईच्या, नानायच्या मेरीमातेसमोर शपथ घेणारा माझा भाऊ तुरुंगातल्या प्रार्थनेच्या बँडमध्ये वाजवतो, आणि वर मलाच विचारतो, "नांग, गाण्याच्या कागदावर सी अ‍ॅड नाइन लिहिलंय. बँडमधला रेनान म्हणतो ही सी नाइनच, दुसरा म्हणतो सस टू. दोघं गळे धरायच्या बेतात आहेत. खरं काय ते तू सांग." मला हसूच आलं. मग तू नेमकी कुठली कॉर्ड विचारली आहेस ते पुन्हा वाचलं, आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

दोघंही चुकतात. साधी सी म्हणजे दो, मी, सोल. पहिला, तिसरा, पाचवा सूर. त्यात वरचा रे घातलास की झाली अ‍ॅड नाइन. नववा म्हणजे कुणी नवा नाही, दुसरा सूरच तो, फक्त वरच्या मजल्यावर राहतो. नुसता घातला, कुणाला काढलं नाही. सस टूमध्ये रे येतो, पण तिसरा, 'मी', उठून जातो, म्हणून ती अधांतरी वाटते. हसते आहे की रडते आहे ते कळत नाही, कारण कॉर्डचा चेहरा तिसऱ्या सुरात असतो. आणि रेनानची सी नाइन व्हायला मधे सातवाही लागतो, तोसुद्धा अर्ध्या सुराने उतरलेला. तो आला की कॉर्डला घरात थांबवत नाही, ती कुठेतरी निघायला बघते. अ‍ॅड नाइनला कुठेच जायचं नसतं. सी सिक्सचंही तसंच. दो, मी, सोल, आणि शेजारी सहावा, ला. त्या दोघांना म्हणावं, गळे सोडा, या सगळ्या कॉर्ड एकापाठोपाठ वाजवा आणि कान उघडे ठेवा. इथे माझ्याजवळ गिटार नाही. हे लिहिताना टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून बघते आहे.

हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. कसं शिकवलं तेही. हॉटेलच्या लाउंजमध्ये पांढरा कोट घालून वाजवणारे आपले वडील, ताताय, लोकांनी पाहिले. ते हळू आवाजात बोलायचे, बायकांना वाकून नमस्कार करायचे, जपानमध्ये वाजवून आलेले मास्टर क्रिस्पुलो! आपण पाहिले ते फणसाच्या लाकडाची पट्टी हातात घेऊन आपल्यासमोर बसणारे. "तिसरा कुठे गेला? कुणी खाल्ला? आईने मक्याच्या कण्या वाढल्या नाहीत का आज? भूक लागली म्हणून सूर खातोस?" असं गोड आवाजात विचारायचे आणि मग पट्टी उभी धरून तुझ्या बोटांच्या सांध्यांवर मारायचे. आडवी कधीच नाही. आडव्या पट्टीने नुसती कातडी लाल होते. तुझी बोटं रताळ्यासारखी सुजायची आणि त्याच बोटांनी पुन्हा तार दाबायला लावायचे. "पाहुणा आला म्हणून घरच्याला उठवायचं नसतं. रे आला तरी 'मी' तिथेच पाहिजे. पुन्हा." पुन्हा, पुन्हा. तारांवर रक्त वाळायचं आणि ते मलाच पुसावं लागायचं, कारण शेडमध्ये बनवलेली ती गिटार दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे जायची असायची. गल्लीतून जाणारे म्हणायचे, "मास्टर पोरांना शिकवतायत, नशीबवान पोरं." माझ्या कपाळावरची खूण गिटारच्या डोक्याची आहे, हे मी लिटोला लग्नानंतर पुष्कळ उशिरा सांगितलं. तोपर्यंत लहानपणी झाडावरून पडले होते.

मी शिकले, कारण मला ते सूर आवडायचे. हे कबूल करताना अजून विचित्र वाटतं. मार खाऊनही आवडायचे. तू मात्र एक दिवस गिटार भिंतीला टेकवलीस आणि म्हणालास, "मी नुसत्या बनवीन, वाजवणार नाही." त्याबद्दल किती मार खाल्लास ते मी इथे लिहीत नाही. पण त्यानंतर तू रंधा आणि पटाशी घेऊन शेडमध्ये राहायला लागलास, आणि नानाय म्हणाली, "बरं झालं. लाकूड कुणाला उलटून बोलत नाही."

त्या सकाळबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू पत्रात कधी लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही. आज मी लिहिणार आहे, वाचवत नसेल तर एवढा भाग सोडून दे. ऊन होतं, शेडचे दोन्ही दरवाजे उघडे होते. नानाय सरसाचं भांडं चुलीवरून उतरवून आणत होती आणि तिची बाही लाकूड आवळायच्या शिकंज्यात अडकली. उकळता सरस पॉलिश केलेल्या गिटारच्या तोंडावर सांडला, थोडा तिच्या पायावरही. पाय भाजला म्हणून ती ओरडली नाही, गिटार खराब झाली म्हणून ओरडली. तातायनी शेजारी पडलेला गिटारच्या मानेचा तुकडा उचलला, महोगनीचा, अजून न तासलेला, आणि तिच्या तोंडावर मारला. जो आवाज आला तो लाकडाचा नव्हता. ती भुशात पडली आणि तिचा जबडा एका बाजूला गेला, जसा आपल्या बाहुलीचा जायचा. त्यांनी तुकडा पुन्हा वर नेला. तेवढ्यात तू मागून आलास.

तू एक शब्द बोलला नाहीस, दोंग. मला तेच आठवतं. ते झटापट करत होते, शिव्या देत होते, आणि तू अगदी गप्प. त्यांचा डावा हात तू टेबलावर दाबलास, मनगटावर शिकंजा चढवलास आणि मळसूत्र फिरवत गेलास. मग लाकडी हातोडा घेतलास. तुझ्या डोळ्यांत बघून ताताय काय ओरडले ते तुझ्या लक्षात आहे का? "डावा नको! उजवा घे! उजवा घे रे!" बाप मुलाला हात निवडून देत होता. तू डावाच, तारा दाबणारा, फोडलास. पहिल्या घावाला मी डोळे मिटले, नंतरचे नुसते ऐकले. नोंग इस्कोने आणि त्याच्या जावयाने तुला ओढून बाहेर काढलं तेव्हा तुझ्या शर्टावर जे होतं त्यात नानायचं किती आणि त्यांचं किती, हे सांगता येत नव्हतं.

आणि मग कोर्ट. त्यांच्या वकिलाने न्यायाधीशांना शिकंजा आणूनच दाखवला. "हा आवळायला वेळ लागतो, साहेब. रागाच्या भरात कुणी मळसूत्र फिरवत बसत नाही." मी सगळं खरं सांगितलं, कपाळ दाखवलं. वकील म्हणाला, "मुलांना वळण लावणं हा गुन्हा आहे का?" मागचे लोक हसले. मग नानाय उभी राहिली. जबडा तारेने बांधलेला, दातांतून बोलत होती, न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, काय म्हणता बाई? ती म्हणाली, "माझा नवरा देवमाणूस आहे. मी घसरून पडले." तुझ्याकडे तिने पाहिलं नाही. तू पाहत होतास. तुला घेऊन गेले तेव्हा ती माझा हात इतका घट्ट धरून होती की नखं रुतली. मी तिला घरी जाऊन विचारलं, "नानाय, का?" ती म्हणाली, "त्याच्याजवळ आता कोण राहणार? मलाच राहायचंय ना." मी तिच्याशी बरेच महिने बोलले नाही. नंतर बोलले. ती मेली तेव्हा तुझा फोटो तिच्या उशीच्या आत शिवलेला निघाला, हे मी तुला कळवलं होतंच.

डॉक्टरांनी अनामिका आणि करंगळी काढून टाकली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट राहिलं. ताताय कितीतरी दिवस तुबा, नारळाची माडी, पीत शेडमध्ये बसून असायचे आणि कुणी गिटार वाजवून बघायला लागलं की उठून जायचे. मग एका दुपारी त्यांनी माझ्याच हातातून गिटार घेतली. त्यांना जी धरायची होती. मधलं बोट जाड तारेवर, तर्जनी तिच्या शेजारच्या तारेवर, एवढं जमलं. सगळ्यांत बारीक तार दाबायला अनामिका लागते, ती नव्हतीच, म्हणून तार मोकळी राहिली. त्यांनी हात फिरवला. पहिला होता, तिसरा होता, पाचवा होता, आणि त्या मोकळ्या तारेने वर सहावा घातला होता. जी सिक्स. त्यांनी ती पुन्हा वाजवली. मग डी धरायला गेले, पुन्हा एक तार मोकळी राहिली, पुन्हा सहावा. मग ई मायनर धरून वरचं बोट त्यांनी दोन पडदे पुढे सरकवलं आणि नववा आला, मोकळ्या तारेवरच्या तिसऱ्याला अगदी खेटून, दोन सूर एकमेकांना घासत होते आणि कुणीच हटत नव्हतं. ज्या कॉर्डसाठी तुझी बोटं फुटली होती, त्या आता त्यांच्या हाताला आपोआप येत होत्या, कारण त्यांना दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. ते रडत होते, दोंग. मीही रडले. तेव्हा मला त्यांची दया आली, आणि तुला पत्रात मी तसं लिहिलंही होतं.

पुढची वर्षं तू माझ्या पत्रांतूनच पाहिलीस. समुद्रावरच्या एका रिसॉर्टमध्ये त्यांना काम मिळालं. दोन बोटांचा म्हातारा काय सुंदर वाजवतो म्हणून परदेशी लोक फोटो काढायचे. घरी आवाज चढवला नाही. ताटात सुकी मासळी कमी पडली तरी हसून म्हणायचे, "असू दे." नोंग इस्को आल्यागेल्याला सांगायचा, "बोटं गेली, त्याबरोबर रागही गेला. देवाने बरोबर ऑपरेशन केलं." देवाने नाही, माझ्या भावाने, असं मी मनात म्हणायची, पण बोलायची नाही. नानाय गेल्यावर त्यांना बघायला कुणी नाही म्हणून मी आर्लिनला घेऊन त्या घरात परत राहायला गेले. लिटो जहाजावर, वर्षातून एकदा येणार. तू तेव्हा लिहिलं होतंस, "नांग, जपून." मी उलट तुलाच चार उपदेशाचे शब्द लिहिले. माणूस बदलतो वगैरे.

आर्लिन त्यांच्याजवळ शिकायला बसली. पट्टी नव्हती, ओरडणं नव्हतं. "इंदाय, ऐक, हा सहावा कसा शेजारी येऊन बसतो बघ." ती त्यांच्यासारखीच दोन बोटांनी वाजवायची. तिला वाटायचं गिटार अशीच वाजवतात! मी शेडमध्ये काम करता करता ऐकायची आणि मला वाटायचं, आपल्या वाट्याला नाही आलं ते हिच्या वाट्याला आलं. मग शाळेत एक तरुण मास्तर आला. त्याने सांगितलं, अगं, तुला चार बोटं आहेत, चारही वापर. त्याने तिला तुझी कॉर्ड शिकवली. सी अ‍ॅड नाइन. मधलं बोट आणि तर्जनी खाली, आणि वरच्या दोन बारीक तारांवर, तिसऱ्या पडद्यावर, अनामिका आणि करंगळी शेजारी शेजारी. तू धरून बघ, म्हणजे कळेल. ही कॉर्ड तातायना धरता येत नाही. त्यांच्या हातावर जी बोटं नाहीत, नेमकी तीच त्यात लागतात.

ती धावत घरी आली आणि आजोबांना दाखवायला बसली. मी बाहेर पॉलिश करत होते. कॉर्ड ऐकली, स्वच्छ, पाचही तारा वाजल्या. आर्लिन म्हणाली, "लोलो, बघा, माझी करंगळी पोचते!" मग त्यांचा आवाज, तो जुना, गोड, "दाखव बघू करंगळी. कशी पोचते?" तो आवाज ऐकून माझ्या हातातला बोळा पडला. मी धावले, पण दार गाठेपर्यंत एक बोट मोडून झालं होतं. दुसरं, मी आत पाऊल टाकत असताना, त्यांनी मोडलं. मागे वाकवून, शांतपणे, अगदी वाळकी काडी मोडावी तसं. पोरीने आधी किंकाळी फोडली आणि मग तिचा आवाजच बंद झाला, तोंड नुसतं उघडं. मी त्याला ढकलून दिलं. इथून पुढे मला त्याला 'ते' म्हणवत नाही. तो टेबलाला धडकला, खाली बसला, माझ्याकडे बघून म्हणाला, "मला नाहीत, तर तिला कशाला?"

लाकडी हातोडा तिथेच होता. मी उचलला. त्याने स्वतःहून हात टेबलावर ठेवला, दोन बोटं पसरून. "मार. तुझ्या भावासारखी मार. उरलेली घेऊन जा." तेव्हा मला कळलं की तू त्या दिवशी गप्प का होतास. त्या क्षणी आत शब्द नसतातच. माझा हात वर गेला होता. आर्लिन भुशात बसली होती, मोडलेला हात पोटाशी धरून, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी तुझ्याकडे मी अशीच बघत होते. मी हातोडा दाराबाहेर फेकला, पोरीला उचललं आणि निघाले. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू पुढच्या महिन्यात सुटतोस. सेबूच्या धक्क्यावर उतरलास की पहिल्याच ओळखीच्या माणसाकडून तुला हे कळेल, आणि तू घरी जाशील. तो घरीच आहे. मी पोलिसांत तक्रार केली, सगळं लिहून घ्यायला लावलं, शाळेतला मास्तर साक्ष देणार आहे. पण वयाकडे आणि हाताकडे बघून त्याला जामीन मिळाला. आपल्या वस्तीचा, बारांगायचा कॅप्टन मला म्हणाला, "म्हातारा आहे, फेलिसा. बिचाऱ्याला दोनच बोटं आहेत." शेजारणी त्याला डबा नेऊन देतात. तो शेडमध्ये दार उघडं टाकून बसलेला असतो, आणि मला वाटतं तो तुझीच वाट बघतोय. त्याला ते देऊ नकोस, दोंग. खटला मी चालवणार आहे, आणि या वेळी घसरून पडले म्हणणारं आमच्या घरात कुणी नाही. तू सुटल्यावर हिलोंगोसच्या बंदरात सेबूच्या बोटीत चढू नकोस. बातोला जा, तिथून इकडची, बोहोलमधल्या उबायची बोट घे, मी धक्क्यावर असेन. तिया मोनिंगने मागची खोली रिकामी केली आहे. आर्लिनची अनामिका सरळ होईल म्हणतात, करंगळीचं सांगता येत नाही. ती दिवसभर फारशी बोलत नाही. काल तुझा फोटो हातात घेऊन तिने एकच विचारलं, "हा मामा, तियो सेल्मो, ओरडतो का गं? मारतो?" मी म्हटलं, नाही, तो कुणाला मारत नाही. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच वाट बघणारी,
मानांग फेलिसा